घट, पैसेवारी आणि यंत्रानुमान : नियमनाच्या प्रश्नातील मराठीचे स्थान

कृत्रिम बुद्धिमत्तेवर कायद्याचे नियंत्रण असावे काय, असल्यास ते किती आणि कोणाचे, या प्रश्नाची चर्चा गेल्या काही वर्षांत जगभर सुरू आहे. या चर्चेत ‘लोकमत’ हा शब्द वारंवार येतो. ‘इप्सॉस’ या संस्थेने २०२४ मध्ये केलेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत या तंत्राचे लाभ तोट्यांहून अधिक आहेत असे मानणाऱ्यांचे प्रमाण चीनमध्ये ८३ टक्के, इंडोनेशियात ८० टक्के, तर अमेरिकेत ३९ आणि नेदरलँड्समध्ये ३६ टक्के आढळले. अशा पाहण्यांत भारताचाही समावेश असतो. मात्र भारतासारख्या देशांतील आपला नमुना सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक शहरी, अधिक शिक्षित आणि अधिक संपन्न असतो, हे ही संस्था स्वतःच नमूद करते. याचा अर्थ असा की, भारतीयांचे मत म्हणून जे पुढे येते त्यात जळगाव जामोद, मोताळा किंवा लोणार तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मताला जवळजवळ स्थान नसते.

परंतु प्रश्न केवळ नमुन्याचा नाही. मत ही आधीच तयार असलेली आणि केवळ मोजावयाची वस्तू आहे, हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे. मत घडावे लागते, आणि ते भाषेत घडते. १८३२ साली ‘दर्पण’ निघाले आणि १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’मधून लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा राज्यकारभार, विद्या आणि धर्म यांविषयी मराठीत जाहीर वाद घालण्याची सोय निर्माण झाली. त्यापूर्वी लोकांना या विषयांची झळ लागत नव्हती असे नाही. झळ लागत होती, पण तिचे मतात रूपांतर होण्यास लागणारी जाहीर भाषा तयार व्हावयाची होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत बुलढाणा जिल्ह्याची आजची स्थिती काहीशी तशीच आहे. नियमनाविषयी लोकमत विचारण्यापूर्वी ज्याचे नियमन करावयाचे ती गोष्ट, तिचे निर्णय आणि त्या निर्णयांची कारणे वाद घालता येईल अशा मराठीत लोकांसमोर आली पाहिजेत. किंबहुना ती तशी आणणे हेच नियमनाचे पहिले कलम असले पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पीक ‘वाचण्याच्या’ तीन रीती

हे प्रतिपादन हवेत राहू नये म्हणून एकच क्षेत्र घेऊ : पिकाचा अंदाज. बुलढाणा जिल्ह्यात पिकाचा अंदाज बांधण्याच्या तीन रीती आज एकाच वेळी अस्तित्वात आहेत.

पहिली रीत भेंडवळच्या घटमांडणीची. जळगाव जामोद तालुक्यातील, पूर्णेच्या काठच्या या गावी अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट आखून अठरा प्रकारची धान्ये मांडली जातात. मध्यभागी पावसाच्या चार महिन्यांची प्रतीके म्हणून मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, आणि पुरी, पापड, कुरडई, पानसुपारी अशा वस्तू ठेवल्या जातात. रात्री तेथे कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या वेळी कोणता दाणा आत सरकला, कोणता बाहेर गेला, कोणते ढेकूळ अधिक भिजले हे पाहून पाऊस, पिके आणि राजकीय घडामोडी यांविषयी भाकीत सांगितले जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही प्रथा सुरू केली आणि ती सुमारे साडेतीनशे वर्षांची आहे असे सांगण्यात येते. रात्रीत दाणा सरकण्याचा आणि पुढील चार महिन्यांच्या पावसाचा कार्यकारणसंबंध नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने या प्रथेवर घेतलेला आक्षेप तर्कदृष्ट्या योग्यच आहे. तथापि एक सामाजिक घटना म्हणून तिचे एक वैशिष्ट्य नोंदविण्याजोगे आहे. येथे चिन्ह आणि त्याचा अर्थ दोन्ही सर्वांसमोर असतात. दाणा सरकलेला कोणीही पाहू शकतो. पानसुपारी म्हणजे गादी, हा संकेत सर्वांना ठाऊक असतो. म्हणूनच भाकितावर विश्वास ठेवणारा आणि त्याची थट्टा करणारा, दोघेही एकाच भाषेत बोलतात. आणखी एक गोष्ट अशी की, या भाकितावर कोणाचीही नुकसानभरपाई अवलंबून नसते.

दुसरी रीत पैसेवारीची. पूर्ण पीक सोळा आणे मानून हंगामातील पीक किती आणे आले हे ठरविणे म्हणजे आणेवारी. १९५७ साली दशमान चलन आले, आणे व्यवहारातून गेले, तिचे नाव पैसेवारी झाले. तरीही जुना शब्द खेड्यांत टिकून राहिला. नजर अंदाज, सुधारित आणि अंतिम असे तिचे टप्पे असतात. पन्नास पैशांची रेषा तिच्यात निर्णायक असते. या पद्धतीत दोष आहेत हे सर्वश्रुत आहे. शेजारच्या दोन गावांची स्थिती सारखीच असताना आकडे निराळे येतात, आणि पन्नासच्या अलीकडे-पलीकडे राहण्यामागे पिकापेक्षा इतर कारणे असल्याचा संशय वेळोवेळी व्यक्त होतो. परंतु हा संशय व्यक्त करता येतो, हीच येथे महत्त्वाची बाब आहे. पीक कापणी प्रयोग शेतात होतो, धान्य सर्वांसमक्ष तोलले जाते, पैसेवारीच्या गावसमितीत गावची माणसे असतात. ‘आमच्या गावाची पैसेवारी चुकीची लावली’ हे वाक्य बुलढाण्यातील शेतकरी सहज उच्चारतो. त्या वाक्याला कर्ता आहे, कर्म आहे, आणि ते कोणापुढे उच्चारावयाचे हेही ठरलेले आहे.

तिसरी रीत नवी आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरीप हंगामापासून उत्पादनाच्या अंदाजासाठी ‘येस-टेक’ ही तंत्राधिष्ठित पद्धती आणण्यात आली. उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमा, हवामानाच्या नोंदी, पिकाच्या वाढीची गणिती प्रतिमाने आणि यंत्रशिक्षणाच्या पद्धती यांच्या आधारे ती उत्पादनाचा आकडा काढते. भात आणि गहू या पिकांसाठी या आकड्याला किमान ३० टक्के भार देऊन तो पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यात मिसळला जाऊ लागला. २०२४ च्या खरिपापासून सोयाबीनचा समावेश झाला. सोयाबीन हे बुलढाणा जिल्ह्याचे प्रमुख पीक आहे. मागील सात वर्षांपैकी उत्तम अशा पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणून जे येते त्याला योजनेच्या मराठी परिभाषेत ‘उंबरठा उत्पादन’ म्हणतात. महसूल मंडळाचे प्रत्यक्ष उत्पादन या उंबरठ्याच्या खाली आले तरच त्या मंडळाला भरपाई मिळते. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयातील पीक विमा बंद केला आणि भरपाई मुख्यतः उत्पादनाच्या या आकड्यावर बेतली. आकड्याचे वजन त्यामुळे अधिकच वाढले.

या तिन्ही रीतींची तुलना केली असता एक विसंगती समोर येते. ज्या भाकितावर काहीच अवलंबून नाही त्याची चिन्हे सर्वांना वाचता येतात. ज्या अंदाजावर काही सवलती अवलंबून आहेत तो सदोष असला तरी वादाच्या कक्षेत आहे. आणि ज्या आकड्यावर घरातील वर्षभराचा हिशेब अवलंबून आहे त्याची कारणे मात्र शेतकऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पोहोचतो तो केवळ आकडा, किंवा बँकेत जमा झालेली वा न झालेली रक्कम.

बुलढाण्यात मताची वाण नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये पीक विमा आणि सोयाबीन-कापसाचे भाव या प्रश्नांवर येथे शेतकऱ्यांचे उग्र आंदोलन झाले, ते राज्यभर गाजले. विम्याविषयी येथील प्रत्येकाला मत आहे. मात्र विम्याच्या या प्रश्नात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न शिरला आहे, हे सांगणारा दुवा भाषेत नाही. त्यामुळे एखाद्या पाहणीने येथील शेतकऱ्याला ‘कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी तुमचे मत काय’ असे विचारले तर तो बहुधा ‘माहीत नाही’ असेच म्हणेल, आणि ते उत्तर उदासीनता म्हणून नोंदविले जाईल.

संज्ञेचा प्रश्न

येथे संज्ञेचा विचार अपरिहार्य ठरतो. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. ‘कृत्रिम प्रज्ञा’ असाही प्रयोग होतो. दोन्ही संज्ञा इंग्रजी नावाला इमानी आहेत, पण मराठीत त्यांचा परिणाम निराळा होतो. आपल्याकडे ‘बुद्धिमान’ हे स्तुतिवाचक विशेषण आहे. बुद्धिमान व्यक्तीचे ऐकावे, तिला कारणे विचारू नयेत, हा आपला संस्कार आहे. ‘प्रज्ञा’ या शब्दाला तर त्याहून मोठे वलय आहे. परिणामी ही संज्ञा वस्तूचे वर्णन करण्याऐवजी तिच्याविषयी आदर निर्माण करते.

वरील उदाहरणातील यंत्र वस्तुतः काय करते? ते काही चिन्हांवरून एका न पाहिलेल्या गोष्टीविषयी निष्कर्ष काढते. आपल्या परंपरेत या क्रियेला नेमका शब्द आहे : अनुमान. डोंगरावरील धूर पाहून अग्नीचा निष्कर्ष काढणे हे न्यायशास्त्रातील त्याचे प्रसिद्ध उदाहरण. या शास्त्रातील विशेष गोष्ट अशी की, दुसऱ्याला पटवावयाचे अनुमान हेतू सांगितल्याशिवाय पूर्णच होत नाही. हेतू सांगितला की तो सदोष आहे काय हे तपासता येते, आणि हेत्वाभासांची चर्चा सुरू होते. म्हणून ज्या ठिकाणी यंत्र माणसाच्या हक्काविषयी निष्कर्ष काढते तेथे तरी ‘यंत्रानुमान’ असा शब्द वापरावा, असे सुचवावेसे वाटते. हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात ‘कशावरून?’ हा प्रश्न आपोआप येतो. शब्द रुळेल वा न रुळेल. मुद्दा प्रश्नाला जागा करून देण्याचा आहे.

परिभाषा लोकांवर लादली की काय होते याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. भाषा संचालनालयाचा ‘पदनाम कोश’ १९६२ साली आला तेव्हा आचार्य अत्रे यांनी त्याची ‘बदनाम कोश’ अशी संभावना केली. त्या वादात अतिशयोक्ती होती, आणि कोशातील अनेक शब्द पुढे सहज रुळलेही. पण शासनाची भाषा कशी असावी यावर वृत्तपत्रांतून, सभांतून लोक बोलले, हे त्या वादाचे फलित कमी नाही. उलट ‘उंबरठा उत्पादन’ हा शब्द पाहा. त्याचे उगमस्थान इंग्रजीत असले तरी उंबरठ्याच्या आत आणि बाहेर म्हणजे काय हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. परिभाषा अशीही घडू शकते.

नियमनाचे आजचे स्वरूप

युरोपीय संघाचा या विषयावरील कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अस्तित्वात आला. तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यात धोक्याच्या पायरीनुसार यंत्रप्रणालींचे वर्गीकरण असून, अधिक जोखमीच्या काही प्रणालींच्या आधारे घेतलेल्या निर्णयाचे स्पष्टीकरण मागण्याचा अधिकार बाधित व्यक्तीला दिला आहे. भारताने वेगळा मार्ग घेतला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत तूर्त स्वतंत्र कायदा न करता प्रचलित कायद्यांच्या आधारे काम भागवावे अशी भूमिका आहे. त्यातील सात सूत्रांपैकी एक सूत्र असे की, ही तंत्रे मुळातच समजण्याजोगी असावीत. सूत्र चांगले आहे. परंतु समजण्याजोगी कोणाला आणि कोणत्या भाषेत, याचे उत्तर अंमलबजावणीत मिळावयाचे आहे.

याबाबत आपल्याच एका कायद्यात अर्धे उत्तर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला द्यावा लागतो. म्हणजे माहिती देताना मराठीचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. त्या माहितीवरून जो निर्णय होतो तो समजून घेतानाही तोच हक्क असावा, असे मात्र अद्याप ठरलेले नाही. महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये कृषिक्षेत्रासाठी २०२५ ते २०२९ या काळाचे ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. शेतकऱ्याला मराठीतून सल्ला मिळावा हा विचार त्यात आहे, आणि तो स्वागतार्ह आहे. सल्ला देताना जे यंत्र मराठीत बोलू शकते, त्याला आपल्या अनुमानाचा हेतूही मराठीत सांगता आला पाहिजे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

भाकितांच्या नियमनाचे एक उदाहरण येथे उद्‌बोधक ठरेल. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार मतदान पूर्ण होईपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. २०१७ मध्ये निवडणूक आयोगाने त्या काळात ज्योतिषी आणि टॅरोवाचक यांची निवडणूक-निकालांविषयीची भाकितेही प्रसिद्ध करू नयेत असे प्रसारमाध्यमांना कळविले. भाकीत संख्याशास्त्राने केले की ग्रहांवरून, हा भेद आयोगाने केला नाही. त्याचा मतदारावरील परिणाम पाहिला. यंत्रानुमानाच्या नियमनातही हेच तत्त्व लागू करता येईल. यंत्राच्या अंतर्भागात काय आहे यापेक्षा त्याच्या निष्कर्षावर कोणाचा कोणता हक्क अवलंबून आहे, हे प्रथम पाहावे.

या दृष्टीने तीन गोष्टी किमान आवश्यक वाटतात. एक, महसूल मंडळाचा आकडा जाहीर करताना त्यात यंत्रानुमानाचा भार किती, प्रतिमा कोणत्या तारखांच्या, आणि कापणी प्रयोगाच्या आकड्याशी त्याचा फरक किती, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहावे. दोन, त्यावर हरकत घेण्यास मुदत असावी आणि हरकतीला कारणांसह उत्तर देण्यास एखादा अधिकारी बांधील असावा. तीन, दरवर्षीच्या अनुमानांची नोंद जपून ती सर्वांना पाहता यावी. घटमांडणीची खरी ठरलेली भाकिते लोकांच्या स्मरणात राहतात आणि चुकलेली विसरली जातात. यंत्राच्या बाबतीतही तसेच होऊ द्यावयाचे नसेल तर लेखी नोंदीला पर्याय नाही.

काही आक्षेप

यावर असे म्हटले जाईल की, कापणी प्रयोगात हस्तक्षेप होतो, दबाव येतो, आणि उपग्रहाला कोणी ओळखीचे नसते. मग यंत्रावर अविश्वास का? हा आक्षेप वजनदार आहे. पैसेवारीच्या आणि कापणी प्रयोगाच्या इतिहासात तक्रारींची उणीव नाही, आणि त्यांवर उतारा म्हणून यंत्रानुमानाचा उपयोग होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाचा विरोध यंत्राला नाही. पण जुन्या पद्धतीतील गैरप्रकार उघडकीस येण्याचे कारणच हे होते की, ती पद्धत लोकांच्या डोळ्यांसमोर आणि त्यांच्या भाषेत चालत होती. निःपक्षपातीपणा हा गृहीत धरण्याचा गुण नव्हे. तो तपासून सिद्ध व्हावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की, औषध कसे काम करते हे रोग्याला कोठे समजते? न समजताही तो ते घेतोच. परंतु रोग्याला दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येते, आणि औषधाचा गुण त्याला स्वतःच्या शरीरावर कळतो. महसूल मंडळाचा आकडा एकच असतो. ज्याचे सोयाबीन शेंगा धरण्याच्या वेळी पावसाच्या खंडात वाळले, त्याला मंडळाची सरासरी उंबरठ्यावर राहिल्याचे कळते तेव्हा दुसरे मत घेण्याची सोय नसते.

तिसरा आक्षेप भाषांतराचा. मार्गदर्शक तत्त्वांचे मराठी भाषांतर केले की काम झाले, असे मानण्याकडे कल असतो. शासकीय भाषांतराचा आपला अनुभव असा की, शब्द मराठी होतात आणि वाक्य इंग्रजीच राहते. वाचणारा शेवटी मूळ इंग्रजीकडे वळतो. येथे अपेक्षित असलेली गोष्ट भाषांतराची नसून मराठीत कारणे देण्याची आहे. कारणे देणारा ज्या भाषेत विचार करील त्या भाषेत त्याला प्रतिप्रश्नही ऐकावे लागतील.

मराठी विभागांचे काम

हा सारा विषय संगणकशास्त्राचा किंवा कृषिविद्येचा आहे, मराठीच्या अध्यापकांनी त्यात पडण्याचे कारण काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येऊ शकेल. तिचे उत्तर आपल्याच अभ्यासक्रमात आहे. लोणार आणि मेहकर ही या जिल्ह्यातील गावे चक्रधरांच्या परिभ्रमणाच्या वाटेवरची. ‘लीळाचरित्रा’तील लोणारच्या उल्लेखांमुळे महानुभाव साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रदेश परका नाही. ‘स्मृतिस्थळा’तील प्रसंगही आपण दरवर्षी शिकवितो : पंडित शिष्याने संस्कृतात लिहिण्याचा विचार मांडला तेव्हा नागदेवाचार्यांनी तो अडविला, कारण त्यामुळे पंथातील साध्या, वृद्ध स्त्रिया नागवल्या जातील. या प्रसंगाकडे आपण बहुधा मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून पाहतो. त्यातील ‘नागवणे’ या क्रियापदाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. न समजणाऱ्या भाषेत सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याच्या हक्काची वस्तू काढून घेणे, असा त्याचा आशय आहे. भाषेचा प्रश्न तेथे अस्मितेचा नाही, मालकीचा आहे. विम्याच्या आकड्याच्या संदर्भात तो अक्षरशः तसाच आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने प्राचीन ग्रंथांच्या संशोधनाला बळ मिळेल, ते मिळालेच पाहिजे. पण ज्या भाषेत तेराव्या शतकात तत्त्वज्ञान सांगता आले तिच्यात एकविसाव्या शतकातील यंत्राच्या निर्णयाचे कारण सांगता येत नसेल, तर त्या दर्जाचा अर्थ केवळ भूतकाळापुरता राहील.

जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. पीक विम्याच्या आणि कृषिधोरणाच्या मराठी कागदपत्रांचे भाषिक परीक्षण हा पदव्युत्तर प्रकल्पाचा उत्तम विषय आहे. शेतकरी अंदाज, नुकसान, खंड, उतारा, दोष यांविषयी कोणते शब्द वापरतात त्यांचा संग्रह वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासात सहज बसतो. असा संग्रह हाताशी असेल तर नव्या संज्ञा मंत्रालयात घडविण्याऐवजी बाजार समितीच्या ओट्यावरून उचलता येतील. तसेच, शासन जेव्हा मसुदे प्रसिद्ध करून सूचना मागविते तेव्हा विभागांनी त्या मसुद्यांचा सुबोध मराठी गोषवारा गावसभेपुढे ठेवावा आणि तेथे निघालेली मते मराठीतच कळवावीत. अशी दहा-वीस निवेदने गेली तरी लोकमत म्हणजे काय याविषयी पाहणी करणाऱ्या संस्थांना पुनर्विचार करावा लागेल.

नियमन हवे की नको, कडक हवे की सैल, याबाबत बुलढाण्याचा शेतकरी काय म्हणेल हे आज कोणीही सांगू नये. तो अनेकांना अनपेक्षित वाटेल असेही काही म्हणेल. कदाचित पुढाऱ्यांच्या दबावापेक्षा उपग्रह बरा, असेही त्याचे मत पडेल. ते त्याचे मत असेल, आणि कारणे पाहून बनलेले असेल. तोपर्यंत ‘माहीत नाही’ या त्याच्या उत्तराचा अर्थ एवढाच घ्यावयाचा की, त्याला अजून कोणी सांगितलेले नाही.